ऑपरेशन तिकडे, बारावा दिवस इकडे

खूप वजन उतरल्यावर पोटाची सैल कातडी काढायचं ऑपरेशन मी परदेशी जाऊन केलं, त्याला बारा दिवस झाले होते. आंघोळीआधी पोटाचा पट्टा सोडला आणि पातळ कोकम सरबताच्या रंगाचं कोमट पाणी मांडीवरून खाली ओघळलं. आरशात पाहिलं, तर आडवी आणि उभी शिवण जिथे मिळते तिथे दोन बोटं मावतील एवढी जखम उघडली होती. टाके घालणारे सर्जन इस्तंबूलला, मी इंग्लंडात रेडिंगला. क्लिनिकच्या कोऑर्डिनेटर बाईंना फोटो पाठवला. पंधरा मिनिटांत उत्तर आलं, ‘नॉर्मल आहे, काळजी करू नका’, आणि पुढे गुलाबाचं फूल.

इमर्जन्सीतल्या डॉक्टरने विचारलं, नक्की काय काय केलंय? पोटाचे स्नायू शिवलेत का? रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं किती दिवस घेतलीत? माझ्याकडे कागद होता एक. एकच पान, तुर्की भाषेत, खाली शिक्का आणि माझा पासपोर्ट नंबर.

पुढे दहा आठवडे ड्रेसिंग चाललं. जखम भरली, पोटही आता चांगलं दिसतं. पण त्या दहा आठवड्यांत एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. ऑपरेशन एका दिवसाचं असतं आणि पॅकेज त्या एका दिवसाचंच विकलं जातं. त्रास व्हायचा असेल तर तो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात होतो, तेव्हा आपण घरी पोहोचलेलो असतो. म्हणून ‘मीही जाऊ का?’ असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारते, ‘बाराव्या दिवशी तू कुठे असशील, आणि जखम कोण बघेल?’ (आईला हे फोनवर सांगितलं तर ती आधी शब्दावरच चिडली. ‘बारावं काय म्हणतेस, शुभ बोल गं!’ अगं आई, बारसंही बाराव्यालाच असतं.)

अशा ऑपरेशनला परदेशी जावं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. जायचं असेल तर कोणत्या क्रमाने काय करावं, ते खाली लिहिते. माझा क्रम उलटा होता, आधी तिकीट आणि मग डॉक्टर.

१. ऑपरेशन केवढं आहे ते आधी समजून घ्या

चाळीस-पन्नास किलो उतरले की कातडी धुऊन धुऊन सैल झालेल्या स्वेटरसारखी होते. तिच्यातली लवचीकता गेलेली असते, ती व्यायामाने किंवा तेल चोळून परत येत नाही. पोटाच्या घडीखाली घाम साचतो, चट्टे उठतात, वास येतो, चालताना मांड्या घासतात. त्यामुळे ‘नटायची हौस’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

पण बाळंतपणानंतरचं टमी टक (सुटलेलं पोट घट्ट करणं) आणि आपलं ऑपरेशन एक नाही. नुसती लोंबती घडी कापणं हा एक प्रकार. स्नायू शिवून, बेंबी नव्या जागी बसवून पोट घट्ट करणं हा दुसरा. आणि कमरेभोवती पट्ट्यासारखी गोल कातडी काढणं हा तिसरा. त्यात टेबलावर आधी पालथं, मग उताणं करतात आणि काम पाच-सहा तास चालतं. शिवण जेवढी लांब, तेवढी ती कुठेतरी उसवण्याची शक्यता जास्त. कातडीखाली पाणी साचणं, जखमेची कड काळी पडणं, पोट महिनोन्‌महिने बधिर राहणं हे अगदी चांगल्या सर्जनच्या हातूनही होतं. फरक पडतो तो ते कोण, किती लवकर बघतं याने.

२. वजन थांबलंय का, आणि रक्तात काय शिल्लक आहे

वजन उतरवायला जठराचं स्लीव्ह किंवा बायपास ऑपरेशन झालं असेल तर त्यानंतर १२ ते १८ महिने थांबायला सांगतात, आणि शेवटचे निदान तीन ते सहा महिने वजन एकाच जागी असावं लागतं. अजून उतरत असताना कापलं तर राहिलेली कातडी पुन्हा लोंबते आणि पैसे पाण्यात जातात. वजन व्हिडिओ कॉलवर कोणी मोजत नाही. तुम्ही सांगाल ते लिहून घेतात, तेव्हा स्वतःशी खोटं बोलू नका.

रक्ततपासणी घरी करा, तिथे उतरल्यावर नको. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) आणि मधुमेह असेल तर एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर). जायच्या दोन-तीन महिने आधी, म्हणजे काही कमी निघालं तर भरून काढायला वेळ मिळतो. बायपासवाल्यांचं लोह आणि बी-१२ हमखास खाली असतं. आदल्या दिवशी तिथल्या लॅबमध्ये हिमोग्लोबिन नऊ निघालं तर दोनच गोष्टी होऊ शकतात: ऑपरेशन रद्द, किंवा ‘चालेल’ म्हणून ढकललेलं ऑपरेशन. दुसरी जास्त वाईट.

प्रथिनांबद्दल जरा थांबते, कारण इथे आपण मराठी माणसं मार खातो. वजनाच्या ऑपरेशननंतर रोज साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि एवढी मोठी जखम भरून निघायची तर त्यात हात आखडता घेऊन चालत नाही. वाटीभर वरणात ती पाच-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. पातळ ताकात नावापुरती. साबुदाण्यात तेवढीही नाहीत. म्हणून ऑपरेशनच्या आधीच्या दोन महिन्यांत श्रावण किंवा नवरात्र आलं तर देवाची माफी मागून उपास सोडा. माझ्या एका मावशींनी ‘मी तुझ्या नावाने करते’ म्हणून माझे सोमवार आपल्याकडे घेतले, तसा कोणी भेटला तर उत्तम.

तंबाखू. सिगारेट निदान चार आठवडे आधी बंद करायला सांगतात, कारण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आखडतात आणि कातडीच्या कडांना रक्त पोहोचत नाही. परदेशी क्लिनिकच्या फॉर्मवर प्रश्न असतो तो ‘धूम्रपान करता का?’ आपण ‘नाही’वर खूण करतो आणि सकाळी मशेरी लावतो. मशेरी, गुटखा, व्हेप, निकोटिनची चुइंगम या सगळ्यात निकोटिन आहे. फॉर्म विचारत नसला तरी सांगा.

तसंच वजन उतरवायच्या, आठवड्याला एक घ्यायच्या इंजेक्शनांचं. ओझेम्पिक, वेगोव्ही, माउंजारो यांनी पोट हळू रिकामं होतं. भूल देताना पोटात अन्न असलं तर ते उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ साली आठवड्याचा डोस ऑपरेशनच्या एक आठवडा आधी थांबवायचा सल्ला दिला. पुढे तो माणूस बघून ठरवावा असं झालं. बघून ठरवायचं तर भूलतज्ज्ञाला माहीत हवं ना! इंजेक्शन ऑनलाइन मागवून गुपचूप घेणारे पुष्कळ आहेत. नवऱ्यापासून लपवा हवं तर, भूलतज्ज्ञापासून नको.

३. सर्जन शोधा, क्लिनिक नव्हे

पॅकेज विकणारी बाई गोड बोलते, तिचा तो पगार आहे. तुम्हाला नाव हवं सर्जनचं, आणि ते पैसे भरायच्या आधी. नाव मिळालं की त्या देशाच्या नोंदणीत बघा. तुर्कस्तानात परदेशी रुग्ण घेणाऱ्या रुग्णालयाला आणि मध्यस्थ एजन्सीलाही तिथल्या आरोग्य मंत्रालयाचं आरोग्य पर्यटनाचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं. ते मागा. न देणाऱ्याशी बोलणं तिथेच थांबवा.

मग सर्जनशी स्वतः व्हिडिओवर बोला. माझ्याशी सर्जन पहिल्यांदा बोलले ते ऑपरेशनच्या सकाळी, हातात मार्कर घेऊन. तोवर अंगात गाउन आणि हातात सुई असते, ‘मी विचार करते’ म्हणायची ती वेळ नव्हे. विचारायचं ते हे: एवढं वजन उतरलेल्या किती जणांवर हे ऑपरेशन केलंय, रुग्णालयाचा स्वतःचा आयसीयू आहे का, रक्ताची सोय कुठे आहे, भूल कोण देणार, आणि परत गेल्यावर जखम उसवली तर काय करता. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘आमच्याकडे तसं होत नाही’ असं आलं तर फोन ठेवा.

संसर्गाचा प्रश्न नुसत्या चकचकीत लॉबीवरून कळत नाही. २०२३ साली मेक्सिकोतल्या मातामोरोस शहरात दोन क्लिनिकांत पाठीच्या कण्यात भूल देऊन कॉस्मेटिक ऑपरेशनं झालेल्या अमेरिकन रुग्णांना बुरशीचा मेंदूज्वर झाला आणि त्यात माणसं गेली. त्याआधी मेक्सिकोतल्याच तिहुआनाला वजनाची ऑपरेशनं करून आलेल्यांना बहुतेक अँटिबायोटिकांना दाद न देणाऱ्या जंतूची लागण झाली होती, २०१९ च्या सुरुवातीला सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, त्याबद्दल इशारा दिला. यातले बरेच जण स्वस्त म्हणून गेले असतील. आपण जातो तसेच.

४. ‘एकात तीन’ घेऊ नका

पोट, हात, मांड्या, वर छाती उचलून, आणि मागे नितंबांत थोडी चरबी भरणं फुकट! पॅकेज असं वाढत जातं. वेगवेगळं केलं तर तीनदा विमानाचं भाडं, म्हणून आपल्यालाही ते पटतं. पण भूलेखालचा प्रत्येक तास वाढला की रक्तस्राव, अंग गार पडणं आणि पोटरीत गुठळी होण्याचा धोका वाढतो.

आकडा हवा असेल तर हा घ्या. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये कॉस्मेटिक ऑपरेशननंतर २००९ ते २०२२ या काळात ९३ अमेरिकन नागरिक मरण पावले, अशी सीडीसीने २०२४ साली नोंद छापली. ज्यांची तपशीलवार कागदपत्रं मिळाली त्यांतले बहुतेक मृत्यू फुप्फुसात चरबी किंवा रक्ताची गुठळी अडकून झाले होते, आणि अनेकांची एकाच बैठकीत एकाहून जास्त ऑपरेशनं झाली होती. तुर्कस्तानात २०२४ या एका वर्षात वैद्यकीय उपचारांनंतर सहा ब्रिटिश नागरिक गेले, असं ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या प्रवास सूचनेत लिहिलं होतं. तिथे जाणाऱ्या हजारोंच्या मानाने सहा कमीच, असं मला एकाने ऐकवलं. खरंय. पण ते सहाजण बरे होते, चालत विमानात चढले होते.

पोट आधी, हात-मांड्या सहा महिन्यांनी. मागची फुकट चरबी तर कधीच नको.

५. परतीचं तिकीट सर्वांत शेवटी काढा

ही माझी सर्वांत मोठी चूक. पॅकेजमध्ये हॉटेलच्या सात रात्री होत्या, म्हणून आठव्या दिवशीचं विमान. छाती-पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर किमान १० दिवस विमानप्रवास टाळावा, असं सीडीसी सांगते, आणि ते साध्या पोटाच्या ऑपरेशनचं. कमरेभोवती गोल कापलं असेल तर तीन ते चार आठवडे तिथेच राहायची तयारी ठेवा.

असं का? पोटाच्या या ऑपरेशनांत गुठळीचा धोका मुळातच जास्त असतो. वर पोट आवळलेलं, कमरेत वाकून चालणं, दुखतंय म्हणून पडून राहणं, आणि मग चार तासांहून लांबचं विमान, ज्याने धडधाकट माणसालाही गुठळी होऊ शकते. ती पोटरीत होते आणि सुटून फुप्फुसात जाते. धोका काही आठवडे राहतो, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची, पोटात टोचायची इंजेक्शनं पुढे चालू ठेवायची का, किती दिवस, आणि घरी गेल्यावर ती कोण लिहून देणार, हे निघण्याआधी कागदावर घ्या.

दुसरं कारण नळ्यांचं. जखमेतून निघालेल्या नळ्यांना डाळिंबाएवढे प्लास्टिकचे फुगे असतात आणि त्यांत पाणी जमतं. दिवसाकाठी ते साधारण ३० मिलिलिटरच्या खाली आलं की सर्जन नळी काढतात. माझ्या डाव्या नळीत सातव्या दिवशी ७० होतं. ताई रोज चहाच्या गाळणीशेजारी मापाचा कप ठेवून वहीत आकडा लिहायची. ‘अगं, सत्तर आहे गं, काढतात कशी?’ ती म्हणाली. काढली, कारण दुसऱ्या दिवशी माझं विमान होतं. नळीने विमानाची वेळ पाळली, पाण्याने नाही पाळली. ते बाराव्या दिवशी बाथरूममध्ये निघालं.

ताई सोबत होती म्हणून निभावलं. एकटीने जाऊ नका. पहिले पाच दिवस कमोडवरून उठायलाही हात लागतो.

पुण्या-मुंबईला येऊन करणाऱ्यांसाठी

लंडन, दुबई, न्यू जर्सीची बरीच मराठी मंडळी ‘मग भारतातच करू’ म्हणतात. भाषा आपली, आई जवळ, डब्यात मुगाचं वरण. मला स्वतःला हे इस्तंबूलपेक्षा पटतं, पण घड्याळ तेच राहतं. तीन आठवड्यांच्या सुट्टीत हे बसत नाही, निदान पाच हवेत. मुंबई-लंडन विमान नऊ-दहा तासांचं, म्हणजे गुठळीचं गणित इस्तंबूलपेक्षा कडक.

सर्जनची पदवी बघा, प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डीएनबी. ‘कॉस्मेटिक सर्जन’ ही पाटी आहे, पदवी नव्हे. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेत नोंदणी तपासता येते, रुग्णालयाला एनएबीएच ही दर्जाची मान्यता आहे का तेही कळतं. परदेशी पासपोर्ट असेल तर वैद्यकीय व्हिसा लागतो, ओसीआयवाल्यांना (परदेशस्थ भारतीयांचं कार्ड असलेल्यांना) नाही. हलगर्जी झाली तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं, पण दोन वर्षांच्या आत.

एप्रिल-मे टाळा. नागपूरच्या उन्हाळ्यात पोटाला पट्टा बांधून एक रात्र काढून बघा, म्हणजे कळेल. आणि आपल्याकडची खोटही सांगितली पाहिजे. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचं भारतातलं प्रमाण कमी नाही. २०१० साली एनडीएम-१ वर (ज्यामुळे जंतू बहुतेक अँटिबायोटिकांना दाद देत नाहीत) गाजलेला जो अभ्यास छापून आला, त्यात ब्रिटनमधले कित्येक रुग्ण भारत-पाकिस्तानात जाऊन आलेले होते. त्यामुळे परत गेल्यावर तिथल्या रुग्णालयाने स्वॅब घेतला किंवा वेगळ्या खोलीत ठेवलं, तर त्यात अपमान वाटून घेऊ नका. आणि भेटायला येणाऱ्या नातेवाइकांना दोन आठवडे फोनवरच भेटा.

६. पैशांत काय धरायचं राहतं

साधा प्रवास विमा ठरवून केलेली शस्त्रक्रिया आणि तिच्यातून उद्भवलेला त्रास सहसा धरत नाही. भारतातल्या आरोग्य विम्यातही कॉस्मेटिक सर्जरी वगळलेली असते. ब्रिटनमध्ये एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा जीवावरचा प्रसंग सांभाळेल, पण वेडीवाकडी शिवण सुधारून देणार नाही. वैद्यकीय प्रवासासाठीचा वेगळा विमा मिळतो, त्यातल्या अपवादांची पानं आधी वाचा. पॅकेजच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे पैसे जादा हॉटेल, तारीख बदललेलं तिकीट आणि ड्रेसिंग यांसाठी बाजूला ठेवा. तेवढे उरत नसतील तर ऑपरेशन अजून परवडलेलं नाही.

७. निघण्याआधी घरच्या डॉक्टरांना भेटा

लाज वाटते, रागावतील असं वाटतं. माझ्या जीपी बाई रागावल्याच. पण आधी सांगितलं असतं तर ड्रेसिंगसाठी नर्सची वेळ मिळाली असती, टाके कधी बघायचे ते ठरलं असतं. बाराव्या दिवशी जखम घेऊन दारात उभं राहण्यापेक्षा एक महिना आधी बोलणी खाल्लेली बरी.

८. फाइल घेतल्याशिवाय विमानात चढू नका

इंग्रजीत, सहीनिशी: काय ऑपरेशन केलं त्याची पूर्ण टिपणी, भूलेचा कागद, दिलेल्या औषधांची नावं आणि डोस, किती कातडी काढली, नळ्या कधी काढल्या, काही रोपण केलं असेल तर त्याचा स्टिकर, आणि सर्जनचा थेट नंबर. ‘ईमेल करतो’ला भुलू नका. काउंटरसमोर खुर्ची ओढून बसा. विमानात कडेची सीट, दाबमोजे, भरपूर पाणी, तासातासाला चार पावलं.

९. घरी आल्यावर

एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, किंवा अचानक धाप लागली, छातीत कळ आली, तर कोऑर्डिनेटरला फोटो पाठवत बसू नका. ब्रिटनमध्ये ९९९, भारतात १०८, अमेरिकेत ९११. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, ‘अमुक दिवसांपूर्वी मोठं ऑपरेशन झालंय आणि विमानाने आले आहे.’ ताप, जखमेभोवती पसरणारी लाली, घाण वास, काळी पडणारी कड, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

एक गोष्ट उशिरा येते, आणि ती बऱ्याच डॉक्टरांच्याही लक्षात येत नाही. सगळं भरून आल्यावर, महिना-दोन महिन्यांनी शिवणीवर लालसर गाठ उठते, फुटते, बसते, शेजारी दुसरी उठते. साध्या कल्चरमध्ये (जखमेतला नमुना वाढवून जंतू शोधायच्या तपासणीत) काही सापडत नाही, नेहमीच्या अँटिबायोटिकांनी जात नाही. क्षयाच्या जंतूच्या भावकीतले काही जंतू पाण्यातून आणि नीट निर्जंतुक न केलेल्या हत्यारांतून जखमेत शिरतात. डॉमिनिकन रिपब्लिकहून आलेल्या रुग्णांमध्ये २००३-०४ साली आणि पुन्हा दहाएक वर्षांनी त्यांचे उद्रेक झाले. आपल्याकडे अशा गाठीला टीबी समजून टीबीचीच औषधं सुरू होण्याचा संभव असतो, आणि ती यातल्या बऱ्याच जंतूंना लागू पडत नाहीत. तेव्हा ‘मायकोबॅक्टेरियाचं कल्चर करा, आणि टीबीचा की दुसरा ते बघा’ असं स्वतःहून म्हणा. निकाल यायला आठवडे लागतात आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात.

दंडांचं ऑपरेशन मी दीड वर्षाने केलं, घरापासून वीस मिनिटांवर, दुप्पट पैसे मोजून. नळी नवव्या दिवशी निघाली, आकडा होता २२. बाराव्या दिवशी ताईचा फोन आला तेव्हा मी एका हाताने, हळूहळू, पोळ्या लाटत होते.